दोष माणसाचा की मज्जातंतूंचा?

एखाद्या घरचा कर्ता पुरुष क्षुल्लक कारणावरून संतापतो आणि हाताला येईल ते फेकतो. दुसऱ्या घरातील तरुण दर रविवारी दारू सोडण्याची शपथ घेतो आणि मंगळवारी पुन्हा गुत्त्यावर दिसतो. जिने आयुष्यभर कुणाचे मन दुखावले नाही, अशी तिसऱ्या घरातील आजी आता सुनेवर बांगड्या चोरल्याचा आळ घेते. चौथ्या घरातील मुलगा एके दिवशी स्वतःचे जीवन स्वतःच संपवतो. अशा घटना कोणत्याही धर्मग्रामाला नव्या नाहीत. त्या घडल्या की दोन प्रकारचे उद्गार कानी येतात. कोणी म्हणतात, "हे पाप आहे." कोणी म्हणतात, "हा आजार आहे, मेंदूतला बिघाड आहे." आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत पहिला उद्गार अधिक ऐकू येई, आता दुसरा अधिक ऐकू येतो. आणि अखेर आम्हां धर्मगुरूंपुढे प्रश्न येतो तो असा: "फादर, दोष द्यायचा तो कोणाला? माणसाला की त्याच्या मज्जातंतूंना?"

प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आपले प्रत्येक कृत्य जर केवळ मज्जातंतूंची करणी असेल, तर पाप, पुण्य, पश्चात्ताप, क्षमा हे सारे शब्द पोकळ ठरतात. उलटपक्षी, मज्जातंतूंचा आपल्या वागण्याशी काहीच संबंध नाही असे मानले, तर आजारी माणसाला आपण पापी ठरवू आणि त्याच्या दुःखात अपमानाची भर घालू. म्हणून उत्तराकडे वळण्यापूर्वी, परमेश्वराने आपल्या देहात घालून दिलेली ही व्यवस्था आहे तरी कशी, हे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे.

देहातील व्यवस्था

मज्जासंस्थेचे दोन मुख्य विभाग सांगितले जातात. कवटीच्या पेटीत सुरक्षित ठेवलेला मेंदू आणि पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारा मज्जारज्जू, हा झाला केंद्रीय विभाग. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या डोळ्यांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र पसरलेल्या असतात. हा झाला बाहेरचा विभाग. आत येणारी वर्दी आणि बाहेर जाणारा हुकूम, दोन्हींची ने-आण या तंतूंतून होते.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. मात्र स्वस्थ बसलेला देह जी ऊर्जा खर्च करतो, तिच्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा हा दीड किलोहूनही कमी वजनाचा अवयव एकटा घेतो. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार त्यात सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात. प्रत्येक पेशीला झाडाच्या फांद्यांसारखे बारीक फाटे आणि एक लांब तंतू असतो. कमरेपासून पायाच्या टोकापर्यंत जाणारा असा तंतू एक मीटर लांबही असू शकतो.

या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, हे स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवून दिले. त्यांना आणि इटलीचे कामिल्लो गोल्जी यांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गंमत अशी की सर्व पेशींचे मिळून एकच अखंड जाळे असते, असे गोल्जींचे मत होते आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. दोन पेशींच्या सांध्याला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९७ साली 'सायनॅप्स' हे नाव दिले. तेथील फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. तंतूतून आलेला विद्युत्संदेश या फटीपाशी थांबतो, तेथे रासायनिक द्रव्य पाझरते, आणि ते पलीकडच्या पेशीला एक तर चेतवते किंवा आवरते. आवरण्याचे हे काम लक्षात ठेवावे. केवळ चेतवणे हेच मज्जासंस्थेचे काम असते, तर माणूस क्षणभरही स्थिर बसू शकला नसता. अपस्माराच्या झटक्यात नेमके हेच होते: असंख्य पेशी एकाच वेळी चेतवल्या जातात आणि आवर सुटतो.

सगळे संदेश एकाच वेगाने धावत नाहीत. जाड, वेष्टन असलेल्या तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरहूनही अधिक वेगाने जातो. बारीक, वेष्टनहीन तंतूंतून तो सेकंदाला सुमारे एक मीटर एवढ्या मंद गतीने सरकतो. म्हणूनच पायाला ठेच लागली की प्रथम एक तीक्ष्ण कळ येते, आणि क्षणभराने मागून ठणका येतो. एकाच दगडाच्या या दोन वार्ता दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या असतात.

तीन थर आणि एक जुना भेद

मज्जासंस्थेचे कार्य समजण्याच्या सोयीसाठी तीन थरांत मांडता येईल. प्रत्यक्षात हे थर एकमेकांत गुंतलेले असतात, हे मात्र विसरू नये.

पहिला थर प्रतिक्षिप्त क्रियेचा. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात झटकन मागे येतो. हा निर्णय मेंदू घेत नाही. वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तेथूनच हुकूम परत फिरतो. भाजल्याची जाणीव होण्याआधीच हात सुटलेला असतो. दुसरा थर स्वायत्त मज्जासंस्थेचा. हृदयाचे ठोके, पचन, घाम, बुबुळाचे लहानमोठे होणे, हे सारे आपल्या परवानगीवाचून चालते. त्याचे दोन पक्ष आहेत: संकट दिसताच देहाला सज्ज करणारा एक, आणि संकट टळल्यावर त्याला शांतवणारा दुसरा. चर्चमध्ये प्रथमच वाचन करायला उभ्या राहिलेल्या मुलीच्या तोंडाला कोरड पडते आणि छाती धडधडते, ती पहिल्या पक्षाची करामत. तिसरा थर मोठ्या मेंदूच्या बाह्य आवरणाचा, ज्याच्या आधारे आपण विचार करतो, आठवतो, बोलतो, ठरवतो. त्यातही कपाळामागील भाग हा परिणामांचा विचार करणारा आणि आवेगाला लगाम घालणारा आहे. हा भाग सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत जातो. सोळा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांच्या माणसाची तराजू लावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवणे बरे.

यातले काहीही ठाऊक नसताना तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक भेद केला होता. माणसाकडून घडणारी प्रत्येक क्रिया म्हणजे माणसाची नैतिक कृती नव्हे, असे ते सांगतात. मनात दुसराच विचार चालू असताना कोणी दाढी खाजवतो किंवा पाय हलवतो; ती क्रिया माणसाची खरी, पण तिच्यामागे त्याचा विचार आणि संकल्प नाही, म्हणून तिचा नैतिक हिशेब नाही. जाणून आणि इच्छून केलेली तीच खरी मानवी कृती. आजच्या शरीरशास्त्राने या भेदाला धक्का दिलेला नाही. उलट कोणती क्रिया कोणत्या थरातून येते हे दाखवून तो अधिक स्पष्ट केला आहे.

त्यातून आपल्या नित्याच्या जीवनासाठी एक दिलासा मिळतो. रागाची पहिली ठिणगी पडते ती मेंदूच्या आतील भागात, बदामाच्या आकाराच्या एका लहानशा केंद्राच्या साहाय्याने, आणि आपण 'रागवायचे' असे ठरवण्यापूर्वीच देह तापू लागतो. वासना, भय, मत्सर यांचेही तसेच. पापनिवेदनाला येणारी पुष्कळ भाविक माणसे मनात नुसता विचार आला म्हणून स्वतःला अपराधी समजतात. आलेला विचार हा पाहुणा आहे. त्याला पाट मांडून बसवले का, त्याच्याशी गप्पा मारल्या का, हा पुढचा प्रश्न; हिशेब तेथून सुरू होतो.

एका मुकादमाची कथा

पण लगाम धरणारा भागच मोडला तर? हा प्रश्न जगापुढे ठळकपणे आणला तो फिनियस गेज या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन मुकादमाने. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासत असताना दारू अकाली पेटली. सुमारे साडेतीन फूट लांब आणि सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून मस्तकातून बाहेर पडली. आश्चर्य म्हणजे तो वाचला. थोड्याच वेळात तो बोलू लागला, चालू लागला. मात्र त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवले की, पूर्वीचा हा कर्तबगार, समतोल मुकादम अपघातानंतर लहरी, हट्टी आणि शिवराळ झाला. ओळखीच्यांना तो पूर्वीचा गेज वाटेना. त्याच्या मालकांनी त्याला पुन्हा मुकादम म्हणून ठेवले नाही.

अनेक पुस्तकांत ही कथा येथेच संपते, आणि निष्कर्ष काढला जातो की माणसाचे शील म्हणजे कपाळामागील मांसाचा गोळा. पण कथा तेथे संपलेली नव्हती. १८५२ साली गेज दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे अनेक वर्षे त्याने घोडागाडी हाकली. अनेक घोडे जुंपलेली गाडी ठरल्या वेळी काढायची, अनोळखी वाटेने न्यायची, उतारूंशी नीट वागायचे. हे काम बेताल माणसाचे नव्हे. गेजच्या आयुष्याचा बारकाईने शोध घेणारे ऑस्ट्रेलियातील अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांचे म्हणणे असे की, रोजच्या ठरीव कामाच्या चौकटीने त्याचे वागणे पुष्कळसे पुन्हा सावरले असावे. पुढे त्याला झटके येऊ लागले आणि १८६० साली तो मरण पावला.

या कथेचे दोन्ही भाग आपण सांगितले पाहिजेत. पहिला भाग सांगतो की संयमालाही देहाचा आधार लागतो. तो आधार तुटलेल्या माणसाची शिवी आणि धडधाकट माणसाची शिवी एकाच मापाने मोजणे अन्याय होय. दुसरा भाग सांगतो की आधार तुटला म्हणून माणूस संपत नाही. कुणीतरी त्याच्या हाती लगाम दिले, त्याच्यावर काम सोपवले, आणि तो पुन्हा उभा राहिला. पक्षाघातानंतर चिडखोर झालेल्या वडिलांच्या घरी या दुसऱ्या भागाची आठवण विशेष हवी. सकाळचे वेळापत्रक, झेपेल असे लहानसे काम आणि घरच्यांचा न चढलेला आवाज, हेही एक औषधच आहे.

संकल्प कोण करतो?

आता कोणी म्हणेल, मोडलेल्या मेंदूचे सोडा. पण धडधाकट माणूस तरी स्वतंत्र आहे का? अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ही शंका बळावली. प्रयोगातील माणसांनी मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि तशी इच्छा नेमकी कधी जाणवली हे समोरच्या घड्याळावर पाहून सांगायचे. आढळले असे की हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधीच मेंदूत विद्युत्हालचाल सुरू होते, आणि इच्छेची जाणीव मात्र सुमारे एकपंचमांश सेकंद आधी होते. यावरून अनेकांनी जाहीर केले की निर्णय मेंदू घेतो आणि आपल्याला केवळ मागाहून कळवले जाते.

स्वतः लिबेट यांनी मात्र तसे म्हटले नव्हते. उरलेल्या त्या अल्पशा अवधीत 'नाही' म्हणण्याची, उठलेली प्रेरणा थांबवण्याची शक्ती माणसाकडे राहते, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली आरॉन शुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ती आधीची विद्युत्हालचाल म्हणजे घेतलेला निर्णय नसून मेंदूतील नित्याच्या चढउतारांचा एक भाग असू शकतो. शास्त्रज्ञांमधील हा वाद त्यांचा त्यांना करू द्यावा. आम्ही एवढेच म्हणू की मनगट केव्हा हलवावे हा काही नैतिक निर्णय नव्हे. भावाने बळकावलेल्या वाडीच्या तुकड्यावरून वीस वर्षे अबोला धरलेला माणूस जेव्हा त्याच्या दारी जाऊन उभा राहतो, तेव्हा तो निर्णय अर्ध्या सेकंदात झालेला नसतो. त्यामागे अनेक रात्रींची तळमळ, कुणाचा तरी उपदेश, आईची आठवण आणि प्रार्थना असते. स्वातंत्र्य शोधायचे तर ते घड्याळाच्या काट्यावर शोधू नये. आयुष्याच्या लांबीत शोधावे.

मेंदूचे विच्छेदन करणारा बिशप

विज्ञान आणि श्रद्धा यांच्या या सीमेवर एक मोठा मार्गदर्शक उभा आहे. त्याचे नाव आपल्या घरांत फारसे परिचित नाही. नील्स स्टेन्सन, लॅटिन नावाने स्टेनो, याचा जन्म १६३८ साली कोपनहेगनला झाला. तो त्या काळातील अग्रगण्य शरीरशास्त्रज्ञ. तत्त्ववेत्ता देकार्त याने असे मांडले होते की देह हे एक यंत्र असून आत्मा मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनियल नावाच्या लहानशा ग्रंथीत बसून, ती ग्रंथी हलवून, देहाचे नियंत्रण करतो. १६६५ साली पॅरिसमध्ये विद्वानांपुढे व्याख्यान देताना स्टेन्सनने आरंभीच सांगून टाकले की मेंदूविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही. मग त्याने दाखवून दिले की देकार्तने कल्पिलेली ती ग्रंथीची हालचाल तिच्या प्रत्यक्ष रचनेत शक्यच नाही. जे हाताने उलगडून पाहिलेले नाही, ते कल्पनेने भरून काढू नका, हा त्याचा आग्रह. हाच स्टेन्सन १६६७ साली कॅथॉलिक झाला, १६७५ साली धर्मगुरू झाला आणि १६७७ साली बिशप. जर्मनीत १६८६ साली तो दारिद्र्यात मरण पावला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्याला 'धन्यवादित' घोषित केले.

स्टेन्सनने आत्म्याची खुर्ची मोडून टाकली, आत्मा मोडला नाही. ख्रिस्तसभेची शिकवण मुळातच अशी नाही की आत्मा देहाच्या एखाद्या कोपऱ्यात, खोलीत भाडेकरू राहावा तसा राहतो. आत्मा हे देहाचे रूप आहे, देहाला देहपण देणारे तत्त्व आहे, असे संत थॉमस सांगतात आणि १३११-१२ मध्ये भरलेल्या व्हिएनच्या धर्मपरिषदेनेही तसेच घोषित केले. प्रवचनांतून आपण एक दृष्टांत नेहमी ऐकतो: मेंदू म्हणजे पेटी आणि आत्मा म्हणजे वाजवणारा, पेटी बिघडली म्हणून वादक बिघडत नाही. दृष्टांत चांगला आहे, पण अर्धाच. वादक पेटीवरून उठून घरी जाऊ शकतो. माणूस आपल्या देहावरून उठून कुठे जाणार? माझा थकवा, माझी भीती, माझा विसर हे माझ्या पेटीचे नव्हेत, माझेच आहेत. म्हणून 'दोष माणसाचा की मज्जातंतूंचा' या प्रश्नातील 'की' हा शब्दच थोडा फसवा आहे. मज्जातंतूंवाचून माणूस या जगात काही करत नाही, आणि माणसाची गोष्ट मज्जातंतूंच्या यादीत संपतही नाही. खरा प्रश्न असा विचारावा: या माणसाला, या घडीला, किती मोकळीक होती? आणि त्या मोकळिकीचे त्याने काय केले?

सवयीचे ओझे, सवयीचा आधार

ही मोकळीक जन्मभर एकसारखी राहत नाही. आपणच ती वाढवतो किंवा गमावतो. ज्या पेशी वारंवार एकत्र चेततात त्यांचे दुवे बळकट होतात, अशी उपपत्ती कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडली. लंडनमधील टॅक्सीचालकांना शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतील वाटांची स्मृती सांभाळणारा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली आढळले. आणि शिकाऊ चालकांचा काही वर्षे पाठपुरावा केल्यावर दिसले की जे अभ्यास पुरा करून उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच ती वाढ झाली होती. म्हणजे आपण जे रोज करतो, ते हळूहळू आपल्या देहात लिहिले जाते. सद्गुण म्हणजे चांगल्या कृतीची मुरलेली सवय, ही जुनी शिकवण येथे वेगळ्या भाषेत पुन्हा भेटते. रोज रात्री कुटुंबाने एकत्र बसून म्हटलेली रोझरी, रागाच्या भरात गिळलेला एक शब्द, यांतले काहीही वाया जात नाही.

याची दुसरी बाजू कठीण आहे. दहावा पेला उचलणारा हात फारसा मोकळा नसतो, आणि जुन्या व्यसनी माणसाला पहिल्या पेल्यापाशीही मोकळीक थोडीच उरलेली असते. अशा माणसाला चार लोकांत लाज आणणे हे निष्ठुर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. पण 'आजार आहे' म्हणून सोडून देणे हेही प्रेम नव्हे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ने यातून सुज्ञ वाट काढली. तेथे येणारा प्रथम कबूल करतो की दारूपुढे आपले काही चालत नाही. आणि त्याच बैठकीत तो आजच्या एका दिवसाची जबाबदारी उचलतो. असहायता आणि जबाबदारी एकाच तोंडून! जेवढी मोकळीक शिल्लक आहे तेवढीच पणाला लावायची. ती कितीही लहान असली, तरी सभेला जाण्यासाठी चप्पल पायात घालण्यापुरती असते.

'मेंदूचा दोष' ही सबब कधी खोटी असते हेही ओळखले पाहिजे. बायकोवर हात टाकणारा नवरा म्हणतो, "राग आला की माझे मला भान राहत नाही." त्याला एकच विचारावे: साहेबांनी चारचौघांत अपमान केला तेव्हा हात उठला होता का? पोलिसासमोर उठतो का? तेथे लगाम लागत असेल आणि घरात सुटत असेल, तर तो मेंदूने तोडलेला नाही, त्याने स्वतःच सैल सोडला आहे. आणि लगाम खरोखरच तुटलेला असला, तरी त्या स्त्रीने व मुलांनी मार खात राहावे असे मुळीच नाही. दोष कमी ठरला म्हणून इजा कमी होत नाही. त्याला उपचारांकडे आणि त्यांना सुरक्षित जागी नेणे, हे नातलगांचे व धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.

ख्रिस्तसभेचे बदललेले पाऊल

ज्या घरात कोणी स्वतःचे जीवन संपवले, त्या घरासाठी हा सारा विचार केवळ तात्त्विक राहत नाही. १९१७ सालच्या धर्मसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या संहितेतून तो उल्लेख वगळण्यात आला. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने एकीकडे जीवन हे देवाचे दान आहे, ते आपण संपवू नये, हे ठामपणे सांगितले. दुसरीकडे तीव्र मानसिक व्याधी, यातना किंवा भय यांमुळे जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशा आत्म्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले. आपल्या देशानेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, असे ठरवले. आज्ञा बदललेली नाही. माणसाच्या अंतरंगाविषयीची समज वाढली आहे. म्हणून अशा अंत्यविधीला जमलेल्यांनी कारणांची कुजबुज करू नये. त्या आईबापांना तेव्हा न्यायाधीश नको असतात. रोज संध्याकाळी येऊन बसणारा शेजारी हवा असतो. आणि ज्याचे मन आज अंधारले आहे, त्याने ते सांगायला लाजू नये. छातीत दुखले तर आपण डॉक्टरकडे जातो. मन दुखले तरीही जावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेलि-मानस' सेवा विनामूल्य बोलते. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही. दोन्ही एकाच दात्याच्या देणग्या आहेत.

तीच गोष्ट बांगड्यांचा आळ घेणाऱ्या त्या आजीची. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या विकाराचे वर्णन केले, त्यात स्मृतीचे धागे एकेक करून तुटतात. वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, आणि रिकामी जागा भरून काढण्यासाठी मन चोर निर्माण करते. ती सुनेचा द्वेष करत नाही. ती हरवलेल्या बांगड्यांपेक्षा हरवलेल्या स्वतःला शोधत असते. सुनेने वाद न घालता बांगड्या शोधायला तिच्यासोबत बसावे. मात्र हे काम एकट्या सुनेवर टाकून बाकीच्यांनी मोकळे होऊ नये. नणंदांनी आणि दिरांनी पाळीपाळीने यावे. आजीला आता आपली नावे आठवत नसतील, पण तिची किंमत तिच्या स्मरणशक्तीवर ठरलेली नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्यापैकी कुणाला तरी स्वतःचे नाव ठाऊक होते काय?

अखेर, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही व्यवहारापुरते असे देऊ. दुसऱ्याचा न्याय करताना त्याच्या मज्जातंतूंची आठवण ठेवावी: त्याची झोप झाली असेल का, त्याचे बालपण कसे गेले, त्याच्या मेंदूत आपल्याला न दिसणारे काही मोडले असेल का. स्वतःचा न्याय करताना मात्र स्वतःच्या मोकळिकीची आठवण ठेवावी: आज मला कुठे थांबता आले असते, आणि उद्या कुठे थांबता येईल. आपण बहुधा नेमके उलट करतो. आपल्या रागाला 'ताण' म्हणतो आणि शेजाऱ्याच्या रागाला 'स्वभाव'. ज्यांचे मन आधीच आजाराने स्वतःला कोसत असते, त्यांनी मात्र ही दुसऱ्यासाठीची सवलत स्वतःलाही द्यावी.

पूर्ण हिशेब कोणाही धर्मगुरूच्या, न्यायाधीशाच्या किंवा डॉक्टरच्या हाती नाही. ८६०० कोटी पेशींच्या त्या अरण्यात माणसाने किती झगडा दिला आणि कुठे हार पत्करली, हे पाहणारा एकच आहे. क्रुसावर टांगलेला असताना, आपल्याला छळणाऱ्यांसाठी क्षमा मागताना त्याने त्यांच्या अज्ञानाचाही विचार केला होता. आपण निवाडा करायला घाई करू नये, हे शिकायला एवढे पुरे आहे.